संकटात धावून येणारे आणि घरातील वडीलधारी

आपल्या न्यासाच्या या महोत्सवी स्मरणिकेत देणगीदारांचे व कार्यकर्त्यांचे आभार मानले जातील, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांचे आभार मानावयाचे सहसा राहून जाते अशा दोन वर्गांविषयी येथे थोडे लिहिण्याचे योजिले आहे. एक, संकटकाळी धावून येणाऱ्यांचा; दुसरा, घरातील वडीलधाऱ्यांचा. हे विषय वरवर निराळे वाटतात. आपल्या भोपाळात मात्र ते निराळे राहिलेले नाहीत.

2 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील टाकीत पाणी शिरले आणि सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. तो हवेपेक्षा जड. म्हणून वर न जाता जमिनीलगत वस्त्यावस्त्यांतून पसरला. जीव घेऊन जे धावले, त्यांच्या छातीत धापेसरशी तो अधिकच भरला. ओले फडके नाकातोंडावर धरावे, एवढी साधी गोष्टही लोकांना कोणी आधी सांगून ठेवली नव्हती.

त्या रात्री भोपाळ स्टेशनवर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर कामावर होते. डोळे जळत होते, घसा आवळत होता; तशाही स्थितीत त्यांनी फलाटावरील प्रवासी गाडी नेमल्या वेळेची वाट न पाहता पुढे काढून दिली, आणि भोपाळकडे गाड्या सोडू नयेत असे शेजारच्या स्टेशनांना कळविले. स्वतः मात्र ते जागेवरून हलले नाहीत. त्या विषाने त्यांची प्रकृती कायमची खालावली; 2003 साली ते निवर्तले. इकडे हमीदिया रुग्णालयात डॉक्टर आणि परिचारिका यांच्यापुढे हजारो रुग्ण येऊन पडले. वायू कोणता, त्यावर उतारा कोणता, हे ठाऊक नसताना त्यांनी हात चालू ठेवले.

आता एक साधा हिशेब करावा. त्या रात्री जे 20–25 वर्षांचे होते, ते आज साठी ओलांडून गेले आहेत. ज्यांनी इतरांना खांद्यावर घालून नेले, ज्यांनी रात्रभर सलाईनच्या बाटल्या धरल्या, त्यांतील कितीतरी जण आज कुणाचे आजोबा, कुणाची नानी म्हणून खोकत बसलेले आहेत. तेव्हा या शहरात म्हाताऱ्या माणसाची सेवा म्हणजे दयाधर्म नव्हे. ती ऋणाची फेड आहे.

ही फेड कशी करावी? पहिली गोष्ट ही की, वृद्धांचे दुखणे तरुणांसारखे बोलत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात त्यांच्या छातीत कळ येईलच असे नाही; नुसता दम लागणे, घाम सुटणे, एकाएकी गळून जाणे एवढेच दिसते. तोंड एका बाजूस वाकडे झाले, एक हात वर राहीना, बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघात समजावा. रक्ताची गुठळी विरघळविण्याचे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्याआधी तपासणीही व्हावी लागते. म्हणून सकाळपर्यंत वाट पाहू नये. पडल्यावर कंबर किंवा मांडी दुखत असेल, तर ओढून उभे करू नये.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. आपली वडीलधारी माणसे मुळी हाकच मारीत नाहीत. “पोरांची झोप कशाला मोडा?” असे म्हणून रात्र काढतात. त्यांना प्रेमाने बजावून ठेवावे की, तुमची हाक म्हणजे आम्हाला त्रास नव्हे. रुग्णवाहिकेसाठी 108, आणि कोणत्याही संकटासाठी 112, हे आकडे मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या खाटेजवळ लावावेत. वृद्धांना सल्ला व आधार देणारी 14567 ही सेवा 2021 पासून देशभर आहे. मात्र ती तातडीच्या वेळेसाठी नाही, हे ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट येणाऱ्यांविषयी. चार इमलीच्या या झाडांच्या वसाहतीत रात्री घर सापडणे सोपे नसते. घराचा क्रमांक स्पष्ट असावा, फाटकाचा दिवा लावावा, एकाने रस्त्यावर उभे राहावे, औषधांची यादी हातात द्यावी. गाडीला वाट देणे हाही आभारच आहे. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीतील स्फोटात प्राण देणाऱ्या अग्निशामक जवानांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर पाळला जातो. त्या दिवशी मुलांना घेऊन जवळच्या अग्निशमन केंद्रात जावे, तेथील जवानांना दोन शब्द बोलावे. मुले पाठापेक्षा पाहून अधिक शिकतात, हा शिक्षकाचा रोजचा अनुभव आहे.

न्यासाच्या सभासदांना एवढीच विनंती की, महोत्सवाच्या या वर्षी प्रत्येकाने आपल्या गल्लीत एकटे राहणाऱ्या एका तरी वृद्धाचे दार आठवड्यातून एकदा ठोठवावे. कुणी त्याला आशीर्वाद म्हणो, कुणी दुआ. त्या दारातून रिकाम्या हातांनी कोणी परत येत नाही.