पत्र्यावरचे चिरे

मे सरत आला की कोकणात पत्र्यांवर चिरे, वाळूच्या गोण्या, जुने टायर चढू लागतात. विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "वजन असलं म्हणजे छप्पर उडत नाही." ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत छपरं गेली, तरी हे वाक्य मला दर वर्षी ऐकू येतं. आता शांतपणे हिशेबच मांडतो, कारण वादळात छपरावरून सुटलेला चिरा खाली माणसाच्या डोक्यात पडतो.

वारा छपराला ढकलतो, ही समजूतच आधी सोडायला हवी. कमी उताराच्या पत्र्याला वारा वर ओढतो. भिंतीवर आपटून वर चढलेली हवा छपराच्या कडेपाशी पत्र्यापासून सुटते आणि तिथला दाब घटतो. वळचणीला तर दुहेरी मार बसतो. भिंतीने अडवलेली हवा बाहेर आलेल्या पाख्याखाली कोंडते आणि खालून रेटा देते. म्हणजे वळचणीच्या दोन फुटांच्या एकाच पट्टीला वरून ओढ आणि खालून रेटा. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात, पण वारा वळचणीतूनच आढ्यापर्यंत पोचतो.

किती जोर? 'आयएस ८७५, भाग ३' या भारतीय मानकात (२०१५) वेगाचा वर्ग गुणिले ०.६ असं साधं सूत्र आहे. मूळ वेग मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर, पुण्यासाठी ३९. कमी वेग, म्हणजे ३९ धरला तरी दाब येतो चौरस मीटरला ९१३ न्यूटन, साधारण ९३ किलोचा भार. १० अंश उताराच्या बैठ्या घरात वाऱ्याकडच्या पाख्यावर वरची ओढ याच्या १.२ पट. वळचणीच्या खालच्या अंगाला मानक वेगळा आकडा देतं: ती खाली उतरती असेल तर १.२५, आडवी असेल तर १, वर उचललेली असेल तर ०.७५. आपली उतरतीच असते. बेरीज २.४५ पट, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २२८ किलो, वरच्या दिशेने. उंची, भोवतालचा भूभाग यांचे गुणक लावले की आकडा थोडा हलेल, पण चित्र बदलणार नाही. कैच्या तीन मीटरवर आणि वळचण ६० सेंटिमीटर असेल, तर प्रत्येक कैचीच्या टोकाला चारशे किलोंची उचल आली. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास. उरलेलं चिऱ्यांनी भरून काढायचं, तर एकेका कैचीच्या नुसत्या वळचणीवर डझनभर चिरे लागतील आणि वादळ येण्याआधीच पत्र्याखालचे आडवे पर्लिन वाकतील. शिवाय पोलादी बांधणीच्या हिशेबात उचल तपासताना वाऱ्याचा भार दीडपट धरतात आणि छपराचं वजन नऊ दशांशच. मदतीला येणाऱ्या वजनावर भिस्त ठेवायची नाही, हा नियमच आहे.

"आमची मंगळुरी कौलं आहेत, आम्हाला काय?" असंही ऐकतो. रिपांसकट कौलांचं वजन चौरस मीटरला ६५ किलोच्या आसपास. ३० अंश उताराला वाऱ्याकडच्या पाख्यावर वरची ओढ शून्यावर येते हे खरं, पण वळचणीखालचा १.२५ पट रेटा, म्हणजे ११६ किलो, तसाच राहतो. म्हणून कौलं आधी पागोळीकडची जातात.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रोजच्या वजनाखाली कैचीचा खालचा दांडा ताणात असतो. उचल वजनाहून जास्त झाली की तोच दांडा दाबात येतो. ताणाला पुरणारा बारीक अँगल किंवा सळी दाबात धनुष्यासारखी वाकते. 'वर्षानुवर्षं उभी आहे' एवढ्यावर कैची या भाराला पुरते असं म्हणता येत नाही, कारण हा भार तिने बहुधा पाहिलेलाच नसतो.

बाकीचे समज थोडक्यात. वेग दुप्पट झाला तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. वादळात खिडक्या उघड्या ठेवल्याने छप्पर वाचत नाही. भिंतीतल्या मोठ्या उघड्या भागाने घरातला दाब मूळ दाबाच्या ०.७ पटीपर्यंत जातो आणि छपराला आतूनही रेटा बसतो. हवामान खात्याचा चक्रीवादळातला वेग तीन मिनिटांच्या सरासरीचा, मानकातला तीन सेकंदांच्या झोताचा, त्यामुळे दोन्ही आकडे सरळ ताडू नयेत. पत्रा जाड घेऊन भागत नाही, तोही वायसरखालच्या भोकापाशी फाटतो. म्हणून आधी पत्रा पर्लिनला धरणारे जे-हूक वाढवा, विशेषतः कडेच्या पर्लिनवर.

वळचण कापून टाका, असा सल्लाही मी देणार नाही. कोकणच्या पावसात भिंत तीच वाचवते. तिला खालून जो तिरका टेकू देतो, तो नुसता टेकलेला नको, दोन्ही टोकांना बोल्टने बांधलेला हवा; उचल आली की नुसता टेकू सुटून बाजूला पडतो. मग पत्रा पर्लिनला, पर्लिन कैचीला, कैची भिंतीच्या माथ्यावरच्या काँक्रीट पट्ट्याला आणि पट्टा उभ्या सळ्यांनी पायाला. यातला कैचीच्या पायाचा बोल्ट या पावसाआधी शिडी लावून बघा. तो पट्ट्यात न जाता चिऱ्याच्या वरच्या थरात ठोकलेला असेल, तर कैची उचलली जाताना तो थरही सोबत वर येतो.