दुसऱ्या गोलरक्षकाचे मोल

राखीव गोलरक्षकाची किंमत ठरवणे हे हॉकीतले सर्वांत अवघड काम आहे, कारण ज्यावरून ती ठरवायची ते सामनेच त्याच्या वाट्याला येत नाहीत. आघाडीचे आणि मधल्या फळीतले खेळाडू दर काही मिनिटांनी आत-बाहेर होतात. गोलरक्षक मात्र एकदा जाळ्यासमोर उभा राहिला की सहसा शेवटच्या शिट्टीपर्यंत तोच राहतो. दुसरा पॅड बांधून बाकावर बसतो, आणि त्याच्या कामगिरीच्या रकान्यात काहीच जमा होत नाही.

हा प्रश्न आज भारतीय संघापुढे उभा आहे. पहिला गोलरक्षक पी. आर. श्रीजेश पॅरिस ऑलिंपिकच्या कांस्यपदकानंतर निवृत्त झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये राजगीरला कोरियाचा ४-१ असा पराभव करून भारताने आशिया चषक जिंकला आणि ऑगस्ट २०२६ च्या विश्वचषकातली जागाही पक्की केली. त्या संघात दोन गोलरक्षक होते: कृशन पाठक आणि मुंबईचा सूरज करकेरा. दोघांचीही बरीच वर्षे श्रीजेशच्या सावलीत गेली.

पूर्वी दुसऱ्याला संघात हक्काची जागा असे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला मुंबईचा लिओ पिंटो आणि रंगनाथन फ्रान्सिस असे दोघे गेले. २००४ मध्ये अथेन्सला देवेश चौहानच्या जोडीला मुंबईचाच एड्रियन डिसूझा होता. २०१२ मध्ये भरत छेत्री कर्णधार आणि पहिला गोलरक्षक होता. दुसरा होता श्रीजेश. पुढे ज्याला ‘भारताची भिंत’ म्हटले गेले, त्याची पहिली ऑलिंपिकवारी राखीव म्हणूनच झाली. रिओपासून चित्र पालटले. ऑलिंपिकचा संघ १६ जणांचा, आणि कदाचित मैदानात उतरणारच नाही अशा माणसावर त्यातली एक जागा खर्च करायला प्रशिक्षक तयार होत नाहीत. रिओला विकास दहिया आणि पॅरिसला कृशन पाठक, दोघेही १६ जणांबाहेरचे राखीव होते.

या जागेचे खरे मोल आणि तिची खरी जोखीम समजून घ्यायची तर यवतमाळच्या आकाश चिकटेची दोन वर्षे पाहावीत. ३० ऑक्टोबर २०१६ रोजी, ऐन दिवाळीत, मलेशियातल्या क्वांतानला आशियाई चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना होता आणि समोर पाकिस्तान होता. दुखापतीमुळे श्रीजेश खेळू शकला नाही. चिकटे उभा राहिला आणि भारताने ३-२ असा विजय मिळवला. पुढच्या वर्षी अझलन शाह स्पर्धेत श्रीजेशच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि तो कित्येक महिने बाहेर गेला. मग चिकटे आणि करकेरा या महाराष्ट्राच्या दोघांनी भारताचे गोल सांभाळले. ऑक्टोबर २०१७ मध्ये ढाक्याला मलेशियाला २-१ असे नमवून भारताने दहा वर्षांनी आशिया चषक जिंकला.

डिसेंबरमध्ये भुवनेश्वरला जागतिक हॉकी लीगची अंतिम फेरी झाली. उपांत्यपूर्व फेरीत बेल्जियमशी ३-३ अशी बरोबरी झाली आणि सामना शूटआऊटवर गेला. २३ मीटरच्या रेषेवरून सुटलेला एकटा खेळाडू, त्याला आठ सेकंदांचा वेळ आणि समोर एकटा गोलरक्षक. चिकटेने बेल्जियमला रोखले, भारत ३-२ असा जिंकला. कांस्यपदकाच्या लढतीत जर्मनीविरुद्ध करकेराने अनेक फटके अडवले आणि भारताने ती २-१ अशी जिंकली. त्या दिवशी आजारपणामुळे जर्मनीकडे खेळाडूच पुरेसे नव्हते. म्हणून त्यांचा राखीव गोलरक्षक मार्क अप्पेल आघाडीला खेळला, आणि जर्मनीचा एकमेव गोल त्याच्याच नावावर लागला. राखीव गोलरक्षक काय करू शकतो याचा इतका ठळक पुरावा हॉकीत दुसरा मिळणे कठीण.

आणि तरीही ही वाट किती निसरडी आहे ते लगेच दिसले. २०१८ मध्ये चिकटे उत्तेजक चाचणीत सापडला आणि त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. श्रीजेश परतला. गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दुसऱ्या जागी करकेरा गेला, पण त्याच वर्षीच्या भुवनेश्वर विश्वचषकात ती जागा पाठकने घेतली. पहिल्या फळीतल्या खेळाडूला पुनरागमनासाठी वर्षभरात अनेक सामने मिळतात. गोलरक्षकाची जागा एकच असल्याने दुसऱ्याची एक संधी हुकली की पुढची कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही.

बाजारभाव म्हणावा तर तो हॉकी इंडिया लीगच्या लिलावात दिसतो. सात वर्षांच्या खंडानंतर लीग पुन्हा सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बोली लागली. कर्णधार हरमनप्रीत सिंगला ७८ लाख मिळाले. गोलरक्षकांत आयर्लंडच्या डेव्हिड हार्टला ३२ लाख, जर्मनीच्या जाँ-पॉल डानेबर्गला २७ लाख आणि करकेराला २२ लाख. लिलावातली सर्वोच्च मूळ किंमत १० लाख होती, हे लक्षात घेता देशाच्या संघात बहुतेक काळ दुसरा राहिलेल्या खेळाडूला ही रक्कम चांगलीच म्हणायला हवी. लीगमध्ये परदेशी गोलरक्षकांचीही गर्दी आहे. त्यामुळे इथेही भारतीय गोलरक्षकाला रोज सामना मिळेल याची खात्री नाही, आणि पैशापेक्षा हीच उणीव मोठी आहे.

उत्तर अमेरिकेच्या आइस हॉकीत हा हिशेब फार पूर्वी झाला आहे. तिथे हंगामात ऐंशीहून अधिक सामने असतात, एकट्या गोलरक्षकाला ते झेपत नाहीत. २०१३ मध्ये व्हँकुव्हरने रॉबेर्तो लुओंगोच्या जोडीचा कोरी श्नायडर न्यू जर्सीला दिला आणि बदल्यात नवोदितांच्या निवडीतला नववा क्रमांक घेतला. त्या क्रमांकावर घेतलेला बो होर्व्हाट पुढे व्हँकुव्हरचा कर्णधार झाला. दुसऱ्या गोलरक्षकाला तिथे मालमत्ता मानतात, कारण त्याला खेळवून त्याची किंमत सिद्ध केलेली असते.

कोल्हापूरच्या फुटबॉलवेड्या वाचकाला दुसरे उदाहरण जवळचे वाटेल. २०१४ च्या विश्वचषकात कोस्टा रिकाविरुद्ध नेदरलँड्सचे प्रशिक्षक लुई फान खाल यांनी जादा वेळेच्या शेवटी गोलरक्षक बदलला. टिम क्रुलने दोन पेनल्टी अडवल्या आणि संघ उपांत्य फेरीत गेला. त्या क्षणासाठीच त्याला राखून ठेवले होते.

भारतीय हॉकीतही आता थोडा बदल दिसतो. प्रशिक्षक क्रेग फुल्टन यांनी अनेक सामन्यांत दोन्ही गोलरक्षकांना आलटूनपालटून खेळवले आहे. हा निर्णय योग्यच आहे. गोलरक्षकाची नजर आणि पायांची वेळ केवळ सरावात टिकत नाही. ताशी १०० किलोमीटरहून वेगाने येणारा ड्रॅग फ्लिक सामन्याच्या दडपणाखाली अडवावा लागतो. खालून स्पर्धाही येत आहे. डिसेंबर २०२५ च्या कनिष्ठ विश्वचषकात बेल्जियमविरुद्धचा शूटआऊट प्रिन्सदीप सिंगने जिंकून दिला, तोही श्रीजेशच्या प्रशिक्षणाखाली. तिशी गाठलेल्या करकेरापुढे २०२६ चा विश्वचषक ही मोठी संधी आहे, पण बहुधा त्यानंतर निवड समिती तरुणांकडे वळेल.

बदल खरा व्हायचा तर तो शाळा आणि जिल्हा पातळीवर हवा. ज्या संघाकडे पॅड, किकर आणि हेल्मेटचा एकच संच असतो, तिथे दुसरा मुलगा गोलरक्षक होतच नाही; तो चेंडू आणून देतो आणि वर्षभरात दुसऱ्या जागी खेळू लागतो. कोल्हापूरला मेजर ध्यानचंद यांच्या नावाचे हॉकी स्टेडियम आहे. तिथे स्पर्धा भरवणाऱ्यांनी प्रत्येक संघाला दोन गोलरक्षक सक्तीचे करावेत आणि साखळी सामन्यांत दुसऱ्याला निदान दोन सत्रे खेळवण्याचा नियम घालावा. क्रीडा खात्यानेही साहित्य देताना गोलरक्षकाचे दोन संच द्यावेत.