चिरलेल्या फळीसाठी थिकनेसर घेताना

दिल्लीतल्या कीर्तिनगरच्या लक्कडमंडीत सागाचा जाड तुकडा घेऊन तो आरा मशीनवर चिरून आणला की दोन-तीन पातळ फळ्या निघतात आणि लागून असलेल्या फळ्यांची नक्षी एकमेकींशी जुळते. मात्र अंगावर करवतीचे ओरखडे राहतात आणि जाडीही कमी-जास्त असते. नोएडातल्या माझ्या छोट्या कारखान्यात एवढं काम हातरंध्यावर उरकत नाही, फळीची जाडी एकसारखी करणारा थिकनेसर लागतोच. ‘कोणता घेऊ?’ असं विचारणारे बहुधा हॉर्सपॉवर आणि किंमत सांगत येतात. मी आधी कापांचा हिशेब मांडतो, कारण काप जितके दाट तितकी फळी गुळगुळीत.

मकिटाच्या ‘२०१२ एनबी’मध्ये दोन पाती मिनिटाला ८,५०० फेरे घेतात आणि तेवढ्यात फळी साडेआठ मीटर सरकते. म्हणजे दर मिलिमीटरला दोन काप. डीवॉल्टच्या ‘डीडब्ल्यू ७३५’मध्ये पाती तीन आणि वेग दोन: इंचाला ९६ काप किंवा, संथ वेगात, १७९. शीशमची रेषा उलटसुलट असते, घाईत रंधलं तर लाकूड उपटून येतं. शीशमला शेवटचा हात संथ वेगानेच द्यावा, आणि तोही अगदी पातळ.

सागातली सिलिका पात्यांची धार खाते. सागाचंच काम जास्त असेल तर कार्बाइडच्या छोट्या चौकोनी पात्यांचं सर्पिल कटरहेड घ्या. एक कड बोथट झाली की पातं फिरवायचं. चार कडा मिळतात आणि आवाजही कमी होतो. महाग आहे, पण मला ते पटलेलं आहे.

थिकनेसर वाकडी फळी सरळ करत नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. रोलर तिला दाबून सपाट धरतात. बाहेर पडली की ती पुन्हा वाकते. आधी सरफेस प्लेनरवर एक बाजू सपाट हवी. चिरल्यावर लाकडातला ताण सुटतो, ओल जाते, आणि मे-जूनच्या लूमध्ये, म्हणजे उष्ण वाऱ्यात, फळी पाहता पाहता पिळते. म्हणून चिरताना तीन-चार मिलिमीटर जास्त ठेवा आणि मध्ये पट्ट्या घालून फळ्या सावलीत मुरू द्या.

भुसा ओढणारं यंत्र त्याच खरेदीत घ्या. लाकडाच्या धुळीने कर्करोग होतो, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच जाहीर केलं आहे, आणि दिल्लीची हवा आधीच जड आहे.

दुकानात जाताना आपली शीशमची फळी बरोबर न्या. यंत्रातून काढून तिरप्या उजेडात धरा, बोट फिरवा, मगच पैसे द्या.