रात्री साडेदहाची स्लाइड

"एवढ्या रात्रीच्या कुठे निघालात हो?" आमच्या चाळीतल्या काकू दर वेळी विचारायच्या. मी हातात स्लाइडचा डबा घेऊन साडेसातला घराबाहेर पडायचे, ती मध्यरात्र उलटल्यावर परत. "रक्त गोळा करायला" असं खरं उत्तर दिलं, तर काकू दोन दिवस बोलायच्या नाहीत. मग मी "ड्यूटी आहे" एवढंच म्हणायचे.

मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ. पूर्व विदर्भात हत्तीरोगाच्या कामात माझी बावीस वर्षं गेली. हा रोग जागतिक आरोग्य संघटनेच्या 'दुर्लक्षित' रोगांच्या यादीत आहे. आमच्याकडे गावोगाव सुजलेले पाय दिसायचे, पण त्याने कोणी पटकन मरत नाही, म्हणून बातमी होत नाही. क्यूलेक्स जातीचा डास गटाराच्या, संडासाच्या टाकीच्या घाण पाण्यात वाढतो आणि एका माणसाच्या रक्तातल्या अळ्या दुसऱ्यापर्यंत पोचवतो. या सूक्ष्म अळ्यांना आम्ही मायक्रोफायलेरिया म्हणतो. त्यांची एक खोड आहे. दिवसा त्या फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री, डास चावायच्या वेळी, अंगभर फिरायला निघतात. म्हणून रक्त रात्रीच घ्यायचं. साडेआठच्या आधी नाहीच, आणि दहानंतर घेतलं तर उत्तम.

आणखी एक गोष्ट लोकांना पटतच नाही. ज्याचा पाय सुजलाय त्याच्या रक्तात पुष्कळदा काहीच सापडत नाही. सापडतं ते धडधाकट दिसणाऱ्या माणसात. त्याला काही दुखत नाही, खुपत नाही, आणि त्याच्यापासून रोग पसरत राहतो. त्याला शोधायचा मार्ग म्हणजे काचपट्टीवरचा तो रक्ताचा जाडसर थेंब. २० घन मिलिमीटर, बस्स.

मला वाटायचं, माझा हात बसलाय, डोळा बसलाय, आता चूक होणार नाही. २००६ च्या पावसाळ्यात हा समज उतरला.

तपासलेल्या स्लाइडपैकी काही दुसऱ्या प्रयोगशाळेत फेरतपासणीला जायच्या. आम्हाला ते सासूने भाकरी उलटून बघावी तसं वाटायचं. त्या खेपेला मी 'निगेटिव्ह' लिहिलेली एक स्लाइड 'पॉझिटिव्ह' होऊन परत आली. मी तडक मायक्रोस्कोप लावला. थेंबाच्या अगदी काठाला एकच अळी होती. आवरणाची फिकट किनार, शेपटीचं टोक रिकामं, पुस्तकातल्या चित्रासारखी. मी मधला भाग पाहिला होता, काठ पाहिलाच नव्हता. त्या दिवशी माझ्यापुढे नव्वद स्लाइड होत्या, हे खरं. पण हे त्या अळीला काय सांगणार?

स्लाइड होती एका एकोणीस वर्षांच्या मुलीची. दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलं होतं.

निरोप पाठवता आला असता, पण मी स्वतः गेले. आई दारातच बसली होती. मी म्हटलं, "मावशी, मागच्या वेळी माझी चूक झाली. पोरीच्या रक्तात जंतू आहे. बारा दिवस गोळ्या घ्याव्या लागतील."

त्या काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "म्याडम, तवा म्हने काहीच नाही. आता म्हनता हाय. तिसऱ्यांदा काय म्हनसान?"

मला उत्तर सुचलं नाही. सोयरिकीकडे कळलं तर लग्न मोडेल, ही भीती त्यांच्या डोळ्यांत दिसत होती आणि ती खोटी नव्हती. मी एवढंच म्हटलं, "आज रात्री मी पुन्हा रक्त घेते. तुमच्यासमोर." साडेदहाला मावशींनी टॉर्च धरली आणि मी पोरीच्या बोटाला सुई टोचली. सकाळी ती स्लाइड मी काठापासून काठापर्यंत दोनदा पाहिली. तीन अळ्या होत्या.

पहिली गोळी दिली त्याच रात्री पोरीला ताप भरला. मावशींचा निरोप आला तो रागाचाच. मी जाऊन समजावलं, की औषधाने अळ्या मरतात, तेव्हा असा ताप येतो, डोकं दुखतं. ज्याच्या रक्तात जंतूच नाही त्याला सहसा एवढा त्रास होत नाही. मावशी विचारात पडल्या. "म्हंजे या खेपेचं खरं हाय तर!" म्हणाल्या. माझ्या प्रमाणपत्रांनी जे झालं नसतं ते त्या तापाने केलं. बारा दिवस पूर्ण झाले. लग्नही झालं, आणि त्या घरातली ही गोष्ट त्या घरातच राहिली.

त्यानंतर आमच्या साहेबांनी नवा नियम काढला. निकाल आधीच ठाऊक असलेल्या दहा स्लाइड रोजच्या ढिगात गुपचूप मिसळायच्या. आम्हाला पत्ता नाही. पहिल्या फेरीत माझे दहापैकी आठ बरोबर आले. एक अळी हुकली आणि कापसाच्या एका धाग्याला मी अळी ठरवलं! धाग्याच्या पोटात पेशीकेंद्रांचे ठिपके नसतात, हे मी शिकाऊ मुलींना दरवर्षी सांगत होते. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही.

मग साहेबांनी रजिस्टर काढलं. माझ्या पॉझिटिव्ह स्लाइड जवळजवळ सगळ्या दुपारच्या जेवणाआधीच्या निघाल्या. रोग काय जेवणाची सुट्टी घेतो? डोळे थकत होते आणि मला कळत नव्हतं. दुसरा शोध त्याहून गमतीचा. एका पथकाच्या काही गावांत वर्षानुवर्षं एकही रुग्ण नाही. रजिस्टरवर चाळीस जणांच्या रक्ताची वेळ एकच, पावणेनऊ. चाळीस माणसांची बोटं एका मिनिटात टोचली होती म्हणे! चौकशी केली तर त्या सगळ्या गावांची शेवटची एस.टी. साडेआठची. पथक सातलाच रक्त घेऊन निघत होतं. जिथून परतीची गाडी लवकर, तिथे हत्तीरोग नाही! अशा स्लाइडवर जगातला सर्वांत चांगला मायक्रोस्कोप ठेवला तरी काय दिसणार?

मला त्या मुलांचा रागही आला नाही धड. त्यांना गाडी नव्हती, जेवण नव्हतं, रात्री गावातली कुत्री मागे लागायची. आणि पुरुषांचं पथक दहा वाजता दार वाजवणार, तर घरातली सून बाहेर कशी येणार? बायकांच्या स्लाइड कमी असायच्या त्याचं कारण हेच. मी बरोबर असले की माजघरातून चार बोटं जास्त पुढे यायची.

आता बरंच बदललंय. रक्ताच्या थेंबावर दहा मिनिटांत निकाल देणारी पट्टी आली. ती मोठ्या कृमीचा अंश ओळखते, त्यामुळे दिवसाही चालते. पण तिलाही शिस्त लागते. दहा मिनिटांनी वाचायची ती कोणी चहा पिऊन आल्यावर वाचली, तर नसलेली रेघ उमटलेली दिसू शकते. नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये तीन औषधं एकत्र देण्याची मोहीम झाली. देशातून हत्तीरोग हटवण्यासाठी २०२७ हे साल ठरलंय. श्रीलंकेला २०१६ मध्ये आणि बांगलादेशला २०२३ मध्ये तशी मान्यता मिळाली. गोळ्या थांबवायच्या की नाहीत हे शेवटी सहा-सात वर्षांच्या मुलांच्या तपासणीवर ठरतं. तिथे 'नाही' लिहिणारीने खरंच नीट पाहिलंय ना, हा प्रश्न मला निवृत्तीनंतरही झोपू देत नाही.

त्या मावशींच्या गावात आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. गाडी मिळाली होती म्हणून लवकर पोचलो. मुलांनी डबा उघडला, सुया काढल्या. मावशी पदर खोचून पुढे आल्या, माझं मनगट धरून घड्याळ पाहिलं.

"आता सव्वाआठच झाले. बसा, चहा घ्या," म्हणाल्या. "नऊ वाजल्याबिगर माह्या गल्लीत कोनी बोट देनार नाही."