मधुमेहींच्या चपलेला देखणेपणही हवे

मधुमेह निघाला की ताटातले काय कमी करायचे, हे घरातला प्रत्येक जण सांगू लागतो. पायात काय घालायचे, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. साखर अनेक वर्षे वाढलेली राहिली, की त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पायांची संवेदना हळूहळू कमी होते.

चप्पल चावली की आपण लंगडतो आणि ती काढून टाकतो. बधिर पायाला हा इशाराच मिळत नाही. माणूस दिवसभर चालत राहतो, फोड येतो, फुटतो, त्याची जखम होते. पायाचा रक्तपुरवठाही कमी असेल तर ती भरत नाही आणि प्रकरण कधी कधी बोट किंवा पाय कापण्यापर्यंत जाते.

दुकानातही हीच बधिरता फसवते. नेमक्या मापाचा बूट अशा पायाला सैल वाटतो, म्हणून माणूस एक नंबर लहान घेतो. तेव्हा ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नावर विसंबू नका, मोजून घ्या. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, खरेदी तेव्हाच करा. कागदावर उभे राहून दोन्ही पायांची आकृती काढा, कापा आणि बुटात सरकवून पाहा. कागद कडेला दुमडला तर बूट अरुंद आहे. सर्वांत लांब बोटापुढे (ते अंगठ्याशेजारचेही असू शकते) एक ते दोन सेंटिमीटर जागा हवी.

आपल्याकडची खरी अडचण अंगठ्याच्या चपलेची आहे. पट्टा बोटांच्या बेचक्यात घासतो, आणि चप्पल पायातून निसटली तरी बधिर पायाला ते कळत नाही. म्हणून टाचेमागे पट्टा असलेली सँडल बरी. टोकदार मोजडी बोटे आवळते. उंच टाच सगळा भार चवड्यावर टाकते.

आतला तळ मऊ आणि बाहेरचा खिळा-काचेला दाद न देणारा, ही रचना कुष्ठरुग्णांच्या चपलांमधून आली. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला बधिर पायांवर केलेले काम पुढे मधुमेहींच्याही उपयोगी पडले. मायक्रोसेल्युलर रबराच्या, म्हणजे एमसीआरच्या, त्या सँडल पायाला चांगल्या होत्या. पण त्या घातल्या की आजार गावाला कळायचा, म्हणून अनेक रुग्ण त्या घालतच नसत. दिसण्याच्या आग्रहाला नटवेपणा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. कपाटातली उत्तम चप्पल पायाचे रक्षण करत नाही.

सुदैवाने आता तेवढी तडजोड करावी लागत नाही. एमसीआरच्या तळावर टॅन, मरून, काळ्या रंगांचे पट्टे आणि रुंद वेल्क्रो असलेल्या सँडल मिळतात. साडीवरही त्या शोभतात. चांगला कारागीर गाठलात तर कोल्हापुरीसारखी वेणी वरच्या पट्ट्यावर घालून देईल. फक्त अंगठा नको, खिळे नकोत आणि आतल्या बाजूला जाड शिवण नको, एवढे बजावा. कचेरीसाठी पुढून गोल, खोल आणि नाडीचा बूट उत्तम. लग्नात खरी कोल्हापुरी घालायचीच असेल आणि पायाची संवेदना शाबूत असेल, तर फोटोपुरती घाला आणि पिशवीत दुसरा जोड ठेवा. पायाला आधी जखम झाली असेल किंवा पायाचा आकार बदलला असेल, तर मात्र दुकानातला तयार जोड नको. डॉक्टरांच्या सल्ल्याने माप देऊन बनवून घ्या.

नवा जोड पहिल्या दिवशी तासभरच घाला. काढल्यावर पायावर लाल डाग दिसतो का, ते पाहा. तळव्यासाठी आरसा धरा. घालण्यापूर्वी जोड उलटा करून झटका आणि आत हात फिरवा. खडा असतो, कधी नातवाच्या खेळण्याचा तुकडाही असतो. घरातही अनवाणी नको. आतली चप्पल वेगळी ठेवा. देवळात जायचे असेल तर सकाळी लवकर जा. दुपारी तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालताना बधिर तळवे भाजतात, आणि ते घरी येऊन पाय धुताना दिसते.