ब्रॅडीचा दाखला

अमेरिकन फुटबॉलचा हंगाम संपून मार्च उजाडला आणि एखाद्या नामांकित क्वार्टरबॅकची जुन्या संघाशी असलेली सोयरीक तुटण्याच्या बेतात आली, म्हणजे या खेळाचे रसिक जिथे म्हणून चार जण एकत्र बसतात तिथे एक युक्तिवाद हमखास कानी पडतो. आणि क्रिकेटवर वाढलेल्या, परंतु आता न्यू जर्सीत स्थायिक होऊन रविवारची दुपार जेट्स किंवा जायंट्स यांच्या हवाली केलेल्या आपल्या मराठी मंडळींच्या बैठकाही त्याला अपवाद नाहीत. "ब्रॅडीला त्रेचाळिसाव्या वर्षी जमलं, मग याला का जमू नये?" एवढे बोलून वक्ता अशा मुद्रेने चहाचा घोट घेतो, की जणू निकालपत्रावर सही-शिक्का झाला. या दाखल्याचा मला आता मनस्वी कंटाळा आला आहे, आणि म्हणूनच त्याची एकदा सविस्तर तपासणी करणे भाग आहे.

दाखला खरा आहे. न्यू इंग्लंडकडे वीस हंगाम आणि सहा सुपर बोल पदरी पाडून टॉम ब्रॅडीने मार्च २०२० मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, टँपा बे बकनिअर्सशी दोन वर्षांचा, पाच कोटी डॉलरचा करार केला आणि ७ फेब्रुवारी २०२१ रोजी कॅन्सस सिटीला ३१-९ असे नमवून सातवे विजेतेपद मिळवले. आदल्या हंगामात टँपा बेने सात सामने जिंकले होते आणि नऊ गमावले होते. २००७ नंतर त्या संघाला प्लेऑफचे दर्शनही घडले नव्हते. तेव्हा एका पुरुषाने येऊन मृतप्राय संघाला संजीवनी दिली असे कोणास वाटले तर त्यात नवल नाही. परंतु तो संघ मृतप्राय होता, हेच मुळी खरे नाही. २०१९ चा जमाखर्च उघडून पाहावा. जेमिस विन्स्टन या त्यांच्या क्वार्टरबॅकने त्या वर्षी ३३ टचडाउन फेकले आणि ३० इंटरसेप्शन दिले. म्हणजे तीस वेळा चेंडू स्वहस्ते प्रतिपक्षाच्या स्वाधीन केला. असा कारभार चालू असतानाही माइक एव्हान्स आणि ख्रिस गॉडविन या दोघा रिसीव्हरांनी प्रत्येकी हजार यार्डांची मजल ओलांडली होती, धावणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला रोखण्यात त्यांची बचावफळी लीगमध्ये पहिली होती, आणि शकील बॅरेटने साडेएकोणीस वेळा प्रतिपक्षाचा क्वार्टरबॅक जमिनीवर आणून त्या बाबतीत सर्व लीगला मागे टाकले होते. त्यात २०२० च्या ड्राफ्टमध्ये ट्रिस्टन वर्फ्स हा तरुण टॅकल त्यांना मिळाला. ब्रॅडीने त्या हंगामात इंटरसेप्शन दिले ते बारा. तिसाचे बारा झाले. उरलेला संघ आधीच उभा होता. अंतिम सामन्यात तर कॅन्सस सिटीला एकही टचडाउन करता आला नाही, आणि त्या संघाचे दोन्ही नियमित टॅकल दुखापतीमुळे बाहेर बसलेले होते. ब्रॅडीचे श्रेय हिरावून घेण्याचा हेतू यात नाही; ज्या घराला केवळ एका खांबाची उणीव होती तिथे तो खांब होऊन गेला, एवढेच सांगावयाचे आहे.

दुसरा दाखला पेटन मॅनिंगचा. मानेवरील शस्त्रक्रियांमुळे २०११ चा संपूर्ण हंगाम वाया गेल्यावर इंडियानापोलिसने ज्याला मोकळे केले, त्याला डेन्व्हरने उचलले, आणि ७ फेब्रुवारी २०१६ रोजी, ३९ व्या वर्षी, त्याने कॅरोलिनाविरुद्ध सुपर बोल जिंकला. वस्तुस्थिती अशी आहे, की त्या हंगामात त्याने ९ टचडाउन फेकले आणि १७ इंटरसेप्शन दिले, मध्यंतरी त्याची जागा ब्रॉक ऑस्वायलरला द्यावी लागली, आणि अंतिम सामन्यात त्याच्या हातून एकही टचडाउन फेकला गेला नाही. सामन्याचा मानकरी ठरला तो बचावफळीतील व्हॉन मिलर, ज्याने कॅरोलिनाच्या क्वार्टरबॅकच्या हातून दोनदा चेंडू हिसकावून सामन्याचे पारडे फिरवले. त्या संध्याकाळचे वर्णन "मॅनिंगने जिंकून दिले" असे करणारे लोक सामना पाहतात की जाहिरात, हे कळणे कठीण आहे.

दोन वेगवेगळ्या संघांना सुपर बोल मिळवून देणारे क्वार्टरबॅक आजवर हे दोनच. जे जिंकले त्यांचीच नावे तोंडी राहतात. जे निमूटपणे परतले त्यांची नोंद ठेवण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. जॉनी युनायटस चाळिशीत १९७३ साली सॅन डिएगोला गेला आणि हंगामाच्या मध्याआधीच त्याची जागा डॅन फाउट्स या नवख्या पोराकडे गेली. जो नेमथ १९७७ साली लॉस एंजेलिसला गेला, आणि चार सामन्यांनंतर बाकावर बसला. जो मॉन्टानाने कॅन्सस सिटीला सुपर बोलच्या उंबरठ्यापर्यंत नेले, पण उंबरठा ओलांडता आला नाही. ब्रेट फार्व्हने २००८ मध्ये जेट्सना अकरापैकी आठ सामने जिंकून दिले आणि पुढल्या पाचांतील चार गमावून प्लेऑफ दवडले.

जेट्सचेच पुढले प्रकरण जरा जवळून पाहू, कारण ब्रॅडीच्या दाखल्यावर इतक्या निष्ठेने बेतलेला दुसरा सौदा झालेला नाही. एप्रिल २०२३ मध्ये ३९ वर्षांच्या ॲरन रॉजर्सला ग्रीन बेकडून आणताना त्यांचा हिशेब वरकरणी निर्दोष होता. आदल्या वर्षीचे आक्रमणातले आणि बचावातले दोन्ही सर्वोत्तम नवोदित, गॅरेट विल्सन आणि सॉस गार्डनर, त्यांच्याच पदरी होते. रॉजर्सच्या ओळखीचे प्रशिक्षक नॅथॅनियल हॅकेट आधीच नेमलेले होते. ॲलन लझार्ड आणि रँडल कॉब हे जुने सोबतीही आणले गेले. उणीव फक्त क्वार्टरबॅकची आहे, असे सर्वांनी एकमुखाने ठरवले. ११ सप्टेंबर २०२३ च्या रात्री मेटलाइफ स्टेडियममध्ये हातात राष्ट्रध्वज घेऊन रॉजर्स धावत मैदानात आला, तेव्हा जो जयघोष झाला त्याचे चित्रण आजही पाहावयास मिळते. परंतु क्वार्टरबॅकची पाठ ज्याच्या भरवशावर असते त्या डाव्या टॅकलच्या जागी उभा होता ड्वेन ब्राउन, वय वर्षे ३८. चौथ्या चालीला ब्राउनने बफेलोच्या लेनर्ड फ्लॉइडला गुडघ्यापाशी अडवण्याचा प्रयत्न केला, फ्लॉइड त्यातून सुटला, आणि त्याने रॉजर्सला खाली आणले. रॉजर्स उठून उभा राहिला, क्षणभर पायाकडे पाहिले, आणि मग आपण होऊन खाली बसला. डाव्या पायाची अकिलिस कंडरा तुटली होती आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. सामना जेट्सने जिंकला, तो ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेल्या झेवियर गिप्सन नामक पोराने जादा वेळेत पंट परतवून केलेल्या टचडाउनमुळे.

"ते दुर्दैव होते," असे यावर लगेच सांगण्यात येते. होते, हे कबूल. पण २०२४ मध्ये रॉजर्स सतराच्या सतरा सामने खेळला, आणि जेट्सने त्यांतले पाच जिंकून बारा गमावले. मुख्य प्रशिक्षकाला तर पाचव्या सामन्यानंतरच निरोपाचा नारळ मिळाला. दैवाला बोल लावण्याची सोय त्या वर्षी नव्हती.

याच युक्तिवादाचे एक उपांग असे, की उतार दिसू लागला म्हणजे संघ वेळीच सावध होईल. उतार असा पायरीपायरीने येत नाही. २०१३ साली ५५ टचडाउन फेकून विक्रम करणारा मॅनिंग दोनच वर्षांनी नऊवर आला. फार्व्हने २००९ मध्ये मिनेसोटासाठी ३३ टचडाउन आणि केवळ ७ इंटरसेप्शन अशी, बहुधा आयुष्यातली सर्वांत नेटकी कामगिरी केली, तीही चाळिशी गाठताना. पुढल्याच वर्षी ११ आणि १९. जो संघ गेल्या हंगामाचे आकडे पाहून करारनाम्यावर सही करतो, तो होऊन गेलेल्या गोष्टीचे दाम मोजत असतो.

आणि दामाचा विषय निघालाच आहे, तर मंडळींना सर्वांत कमी ठाऊक असलेली बाब सांगून टाकतो. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाची थैली मर्यादित असते, हे आपल्याला माहीत आहे. एनएफएलमध्येही १९९४ पासून सॅलरी कॅप आहे, २०२३ साली ती २२ कोटी ४८ लाख डॉलर होती, आणि त्यात हंगामातील ५३ जणांच्या चमूचे वेतन बसवावे लागते. मात्र करारावेळी दिलेला बोनस हिशेबात पाच वर्षांपर्यंत विभागून दाखवण्याची मुभा आहे, आणि खेळाडू मध्येच गेला तर उरलेले हप्ते संघाच्या खाती एकदम चढतात. याला तिकडे डेड मनी म्हणतात. ब्रॅडी फेब्रुवारी २०२३ मध्ये निवृत्त झाला आणि त्या हंगामात मैदानावर पाऊलही न टाकता टँपा बेच्या कॅपमधील सुमारे साडेतीन कोटी डॉलर अडवून बसला. रॉजर्सला सोडताना जेट्सच्या खाती ४ कोटी ९० लाख डॉलर निघाले, जे त्यांनी दोन वर्षांत विभागून घेतले. डेन्व्हरने रसेल विल्सनच्या बाबतीत तर साडेआठ कोटी डॉलरचा खड्डा पाडून घेतला, आणि करार झाला तेव्हा विल्सन अवघा ३३ वर्षांचा होता, यावरून वयापेक्षा करारनामा अधिक घातक ठरू शकतो हेही दिसून यावे. गंमत अशी, की डोक्यावर ब्रॅडीचा बोजा असताना टँपा बेने २०२३ मध्ये बेकर मेफील्डला तुलनेने अल्प मोबदल्यात एका वर्षासाठी घेतले, आपला विभाग जिंकला आणि प्लेऑफमध्ये फिलाडेल्फियाला धूळ चारली. हा दाखला मात्र चहाच्या बैठकीत कधी निघत नाही.

बाकीच्या समजुती किरकोळ आहेत. जर्सी विकून खर्च भरून निघतो म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की संघाने कितीही कमावले तरी त्याची कॅप त्यामुळे एका डॉलरनेही वाढत नाही. पस्तिशीनंतर क्वार्टरबॅक संपतोच, हा उलट्या टोकाचा गैरसमजही तितकाच पोकळ आहे. २००८ मध्ये ब्रॅडीचा गुडघा मोडल्यानंतर क्वार्टरबॅकच्या पायांवर झेप घेण्यास बंदी आली, आणि तोच ब्रॅडी २०२१ मध्ये, ४४ व्या वर्षी, ५३१६ यार्ड फेकून लीगमध्ये पहिला आला. वडीलधारा खेळाडू तरुणाला घडवील, ही आशाही सोडावी: आपला वारसदार तयार करणे हे आपल्या करारात नाही, असे फार्व्हने रॉजर्सच्या बाबतीत स्पष्टच सुनावले होते. रॉजर्स घडला हे खरे, पण त्याला २००५ मध्ये, फार्व्ह खेळत असतानाच, ड्राफ्टमधून निवडून ठेवण्याची दूरदृष्टी ग्रीन बेच्या कारभाऱ्यांची होती.

मग म्हाताऱ्या क्वार्टरबॅकला घ्यावे की नाही? बचावफळी भक्कम, डावा टॅकल तरुण, रिसीव्हर हाताशी आणि उणीव खरोखरच त्या एका जागेची असेल, तर अवश्य घ्यावे. मात्र मुदत एका वर्षाची, फार तर दोन वर्षांची ठेवून, आणि बोनसचे हप्ते पुढल्या कारभाऱ्यांच्या माथी न मारता. पिट्सबर्गने जून २०२५ मध्ये ४१ वर्षांच्या त्याच रॉजर्सला घेतले ते एका वर्षाच्या करारावर. त्यांनी आपला विभाग जिंकला आणि प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात ह्यूस्टनकडून सपाटून मार खाल्ला. मला तो सौदा वाजवी वाटतो. विजेतेपदाची अपेक्षा धरून बसलेल्यांना तो फसवा वाटला, याचा दोष रॉजर्सकडे जात नाही.