मृगाच्या पोटातला घोडा

दिवाळीची रात्र अमावास्येची. आकाशात चंद्र नसतो, पावसानं धुतलेली हवा स्वच्छ असते. गावातले दिवे आणि फटाक्यांचा धूर मागे टाकून चिखलदऱ्याच्या सुमारे १,१०० मीटर उंच पठारावर उभं राहिलं, की रात्री दहाच्या सुमारास पूर्वेला मृग नक्षत्र उगवतं. चार कोपऱ्यांचे चार तारे हे हरणाचे पाय, मधले तीन तारे म्हणजे त्याच्या पोटात रुतलेला व्याधाचा बाण. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो.

पण सगळ्यांना तिथं हरीण दिसत नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी सुमारे १५ गोंड गावांत फिरून तिथलं आकाश नोंदवलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सप्तर्षींची खाट होते, तिच्यामागे तीन चोर लागतात आणि मृगाच्या जागी नांगर दिसतो. पुढे त्यांनी कोरकूंचं आकाशही टिपलं. ज्याच्या हाताला जे अवजार सवयीचं, तेच त्याच्या डोळ्याला वर दिसतं.

बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला एक अंधूक ठिपका आहे. तो मृगातला तेजोमेघ, सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूर. तिथं वायू आणि धुळीतून नवे तारे जन्मतात आणि त्यांच्याच प्रखर किरणांनी भोवतालचा वायू उजळतो. अमेरिकेच्या हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी ५१ मिनिटं फोटोची काच उघडी ठेवून त्याचं पहिलं छायाचित्र घेतलं. पुण्यात कावसजी नायगमवाला यांनी कॉलेज ऑफ सायन्सच्या वेधशाळेतून याच मेघाचा वर्णपट तपासला. त्यांचे निष्कर्ष १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. मेघाच्या वर्णपटातली ठळक हिरवी रेषा ऑक्सिजनची आहे, हे मात्र १९२७ मध्ये उलगडलं.

हा मेघ टिपायला मोठी दुर्बीण लागत नाही. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवा, ५० मिलिमीटरची लेन्स पूर्ण उघडा आणि पाच-सहा सेकंदांचे फोटो घेत राहा. त्याहून जास्त वेळ लावला तर पृथ्वीच्या फिरण्यानं तारे ओघळतात. असे तीनशे फोटो संगणकावर एकावर एक रचले, की अर्ध्या तासाचा प्रकाश साठतो. डोळ्यांना राखाडी दिसणारा ठिपका गुलाबी होतो आणि पंख पसरलेल्या पाखरासारखा उमलतो. हा गुलाबी रंग मुख्यतः हायड्रोजनचा. मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत, कॅमेऱ्याला कळतात.

बाणाच्या पूर्वेकडच्या ताऱ्याजवळ याहून अवघड शिकार आहे: अश्वशीर्ष. उजळ हायड्रोजनच्या पडद्यापुढे धुळीचा काळा ढग उभा आहे आणि त्याचा आकार हुबेहूब घोड्याच्या डोक्याचा. १८८८ मध्ये हार्वर्ड वेधशाळेत घेतलेल्या काचेवर तो विल्यमिना फ्लेमिंग यांच्या नजरेस पडला. वेधशाळेच्या संचालकांच्या घरी मोलकरीण म्हणून काम केलेली ही बाई पुढे नामवंत खगोलशास्त्रज्ञ झाली. या घोड्यासाठी पृथ्वीच्या फिरण्याबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र हवं, आणि लाल प्रकाश अडवणारी गाळणी काढलेला कॅमेरा असेल तर उत्तम.

मृग उगवताना बाणाचे तारे उभे, एकाखाली एक असतात. त्या वेळी घोड्याची मान ताठ असते. मृग माथ्याकडे येतो तेव्हा घोडा आडवा होतो, पहाटे मावळतीकडे कलताना उलटा होऊ लागतो. एकाच रात्री, एकाच जागेवरून. ढग मात्र जिथल्या तिथंच असतो. तो घोडाही नसतो नि नांगरही नसतो. ते आकार आपण घरून नेलेले असतात.

म्हणून यंदा पहिला फोटो घरातल्या लहानग्याला दाखवा, पण नाव आधी सांगू नका. आधी त्यालाच विचारा, तुला काय दिसतं? बैल म्हणाला, पतंग म्हणाला, आजीची ओढणी म्हणाला, तरी ते नाव फोटोखाली लिहून ठेवा.